घरच्या हवामान केंद्राच्या नोंदी घरातल्याच नेटवर्कवरून कशा मिळवाव्यात

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर वेढले, तेव्हा विजेबरोबर मोबाइलचे जाळेही कोलमडले होते. ज्या घडीला आपल्या गच्चीवर तासाभरात किती पाऊस पडला हे कळणे सर्वांत गरजेचे असते, नेमक्या त्याच घडीला इंटरनेटवर विसंबलेले प्रत्येक साधन मुके होते. घरी हवामान केंद्र बसवलेल्या अनेकांच्या हे ध्यानात आलेले नसते की, फोनवर दिसणारा पावसाचा आकडा गच्चीवरून थेट फोनमध्ये येत नाही. तो आधी घरातील वायफायवरून उत्पादक कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तेथून इंटरनेटमार्गे परत आपल्याच घरात येतो. पर्जन्यमापक आणि फोन यांच्यात वीस पावलांचे अंतर असले, तरी मधला धागा तुटला की आकडा दिसेनासा होतो.

हा वळसा टाळता येतो. बाजारातील बऱ्याच केंद्रांमध्ये घरातल्या घरात नोंदी देण्याची सोय मुळातच असते. मात्र ती जाहिरातीत ठळकपणे सांगितलेली नसते आणि माहितीपुस्तिकेत एखाद्या ओळीत उरकलेली असते. नेटवर्कची पूर्वी कधीही ओळख नसलेल्या वाचकाला ही सोय वापरता यावी, अशा बेताने पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. एक सूचना आधीच द्यायला हवी. या लेखात पत्ते, आकडे आणि तांत्रिक नावे देवनागरीत दिली आहेत. ब्राउझरमध्ये किंवा ॲपमध्ये टाइप करताना मात्र ती रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांतच टाकावीत.

पायरी पहिली : आपल्या केंद्राची साखळी ओळखा

कोणत्याही घरगुती केंद्रात साधारणपणे तीन कड्या असतात. पहिली कडी म्हणजे बाहेरचे संवेदक, अर्थात तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस मोजणारी उपकरणे. ती वायफायवर बोलत नाहीत. ४३३, ८६८ किंवा ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरींवरून ती ठरावीक सेकंदांनी आपले आकडे प्रक्षेपित करीत असतात. दुसरी कडी म्हणजे घरातील गेटवे किंवा पडदा असलेला कन्सोल. तो या लहरी ऐकतो आणि त्यांचे आकड्यांत रूपांतर करतो. तिसरी कडी म्हणजे आपला वायफाय राउटर. नेटवर्कवरून आपण ज्याला प्रश्न विचारणार आहोत तो आहे मधला गेटवे, त्यामुळे त्याला वायफाय किंवा केबलचे तोंड आहे की नाही हे सर्वांत आधी पाहावे.

या लेखात मी दोन उदाहरणे धरून चालणार आहे. एक म्हणजे इकोविट या नावाने विकले जाणारे जीडब्ल्यू १०००, जीडब्ल्यू ११०० आणि जीडब्ल्यू २००० हे गेटवे. शेन्झेनच्या फाइन ऑफसेट कंपनीची ही उपकरणे असून तीच वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या नावांनी विकली जातात. म्हणून आपल्या खोक्यावर दुसरे नाव असले तरी आतली यंत्रणा हीच असण्याची शक्यता पुष्कळ असते. दुसरे उदाहरण अमेरिकेतील डेव्हिस कंपनीच्या वेदरलिंक लाइव्ह या उपकरणाचे. ते महाग आहे, पण स्थानिक नोंदी कशा द्याव्यात याची रीत कंपनीने स्वतःच जाहीर केलेली असल्यामुळे शिकण्यासाठी ते फार सोयीचे पडते.

ज्यांच्या केंद्राला केवळ पडदा आहे आणि वायफाय नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. संगणकाला जोडायचा एक छोटा रेडिओ रिसीव्हर, ज्याला आरटीएल-एसडीआर म्हणतात, आणि आरटीएल-४३३ हा मुक्त प्रोग्राम यांच्या साह्याने गच्चीवरील संवेदकाचे प्रक्षेपण थेट ऐकता येते. फाइन ऑफसेटचे बहुतेक संवेदक या प्रोग्रामला ओळखता येतात. तो मार्ग थोडा खटपटीचा असल्यामुळे येथे त्याच्या तपशिलात जात नाही.

पायरी दुसरी : गेटवे वायफायवर आणा

येथे नवख्या माणसाचा सर्वाधिक वेळ जातो, आणि बहुतेक वेळा कारण एकच असते. हे गेटवे केवळ २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय ओळखतात. ५ गिगाहर्ट्झचे त्यांना दिसतच नाही. आजकालचे राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाखाली देतात. अशा वेळी जोडणी होत नसेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ गिगाहर्ट्झला तात्पुरते वेगळे नाव द्यावे, गेटवे त्यावर जोडून घ्यावा आणि मग हवे असल्यास पूर्ववत करावे.

जोडणी करताना इकोविटचा गेटवे स्वतःचेच एक छोटे वायफाय सुरू करतो. त्याच्या नावात गेटवेचा क्रमांक असतो. आपला फोन त्या वायफायवर न्यावा लागतो. पण तेथे इंटरनेट नसल्यामुळे फोन शहाणपणा करून परस्पर मोबाइल डेटाकडे वळतो आणि ॲप अडकून बसते. म्हणून ही पायरी संपेपर्यंत फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवावा. ॲपने साथ दिली नाही, तर त्याच वायफायवर राहून ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ हा पत्ता उघडावा. जीडब्ल्यू ११०० आणि जीडब्ल्यू २००० यांचे स्वतःचे सेटिंगचे पान तेथे उघडते आणि घरच्या वायफायचे नाव व पासवर्ड तेथेच भरता येतो.

गेटवे कोणत्या वायफायवर जोडायचा हेही विचारपूर्वक ठरवावे. पाहुण्यांसाठी वेगळे ठेवलेले गेस्ट नेटवर्क सुरक्षित वाटते. परंतु बहुतेक राउटर गेस्ट नेटवर्कवरील उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. कंपनीच्या सर्व्हरवर नोंदी जात राहतील, ॲपही सुरळीत दिसेल, आणि घरातल्या घरात मात्र काहीच मिळणार नाही.

पायरी तिसरी : गेटवेचा पत्ता शोधा आणि तो पक्का करा

घरातील नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला राउटर एक आयपी पत्ता देतो. चाळीतील खोलीक्रमांकासारखा तो त्या घरापुरताच अर्थपूर्ण असतो, म्हणूनच १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते लाखो घरांत एकाच वेळी सुखाने नांदतात. जिओच्या राउटरचा स्वतःचा पत्ता सहसा १९२.१६८.२९.१ असतो, इतर अनेक राउटरांचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. राउटरच्या खाली चिकटवलेल्या पट्टीवर हा पत्ता आणि लॉगिनची माहिती छापलेली असते.

तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडून आत गेल्यावर जोडलेल्या उपकरणांची यादी शोधावी. आपला गेटवे तेथे नेहमीच नावानिशी सापडेल असे नाही. इकोविटच्या गेटवेमध्ये एस्प्रेसिफ या कंपनीची वायफाय चिप असते, त्यामुळे यादीत तो कधी कधी त्याच नावाने किंवा 'ईएसपी' या अक्षरांनी दिसतो. ओळख पटत नसेल तर एक साधा उपाय आहे. यादी उघडी ठेवून गेटवेची पिन काढावी, यादी ताजी करावी आणि कोणते उपकरण गळाले ते पाहावे. पत्त्यासोबत दिसणारा मॅक पत्ता, म्हणजे बारा अक्षरांकांचा उपकरणाचा कायमचा ओळखक्रमांक, लगेच वहीत लिहून ठेवावा.

आता महत्त्वाचे काम. राउटरने दिलेला आयपी पत्ता कायमचा नसतो. वीज गेली, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की आज १९२.१६८.२९.४० वर असलेला गेटवे उद्या दुसऱ्याच क्रमांकावर सापडू शकतो. पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे वाचकांना सांगायला नको. म्हणून राउटरमध्ये पत्ता राखून ठेवण्याची जी सोय असते, जिला डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात, ती वापरून या मॅक पत्त्याला एक ठरावीक आयपी पत्ता नेमून द्यावा. माझ्या घरी मी ही पायरी सुरुवातीला आळसाने सोडून दिली होती, आणि एका रात्रीच्या वादळानंतर पुढचे नऊ दिवस नोंदवहीत एकही ओळ उमटलेली नव्हती. गेटवे चालू होता, संवेदक चालू होते, माझा संगणक मात्र रिकाम्या खोलीचे दार वाजवीत बसला होता.

पायरी चौथी : ब्राउझरमधून पहिली नोंद मागा

फोन किंवा संगणक घरच्याच वायफायवर आहे याची खात्री करून गेटवेचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाका. पत्त्याच्या आधी 'एचटीटीपी', कोलन आणि दोन तिरक्या रेघा स्वतःहून लिहाव्यात, कारण नवे ब्राउझर आपोआप सुरक्षित 'एचटीटीपीएस' जोडू पाहतात आणि ही छोटी उपकरणे त्याला प्रतिसाद देत नाहीत. जीडब्ल्यू ११०० किंवा जीडब्ल्यू २००० असेल तर त्याचे स्वतःचे पान उघडून त्यावर चालू आकडे दिसतील. केवळ डोळ्यांनी पाहण्यासाठी एवढे पुरेसे आहे. हे पान फोनच्या मुख्य पडद्यावर चिन्ह म्हणून ठेवून दिले, तर इंटरनेट नसतानाही घरातील कोणालाही पाऊस पाहता येतो.

संगणकाला वाचता येतील असे आकडे हवे असतील, तर आयपी पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'गेट', 'लाइव्हडेटा' आणि 'इन्फो' ही तीन पदे लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये एकेक अधोरेषा देऊन लिहावीत. उत्तरादाखल कंस, अवतरणचिन्हे आणि आकडे यांनी भरलेला मजकूर येतो. त्याला जेसॉन म्हणतात. पहिल्यांदा पाहणारा गोंधळतो, पण त्याची रचना साधी असते: डाव्या बाजूला नाव, उजव्या बाजूला किंमत. या गेटवेत बाहेरच्या नोंदींना नावांऐवजी सांकेतिक क्रमांक असतात. शून्य-एक्स-शून्य-दोन म्हणजे बाहेरचे तापमान, शून्य-एक्स-शून्य-सात म्हणजे बाहेरची आर्द्रता, शून्य-एक्स-एक-शून्य म्हणजे आजचा पाऊस आणि शून्य-एक्स-एक-तीन म्हणजे वर्षाचा पाऊस. घरातील तापमान आणि हवेचा दाब वेगळ्या गटात, साध्या नावांनिशी मिळतात. जुन्या जीडब्ल्यू १००० मध्ये हे पान नाही. त्याच्याशी ४५००० क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे उपकरणाच्या एका क्रमांकित दारातून, विशिष्ट बायनरी भाषेत बोलावे लागते. त्यासाठी तयार प्रोग्राम वापरणेच इष्ट, अथवा सहाव्या पायरीतील दुसरी रीत अवलंबावी.

वेदरलिंक लाइव्हसाठी आयपी पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'व्ही१', मग पुन्हा तिरकी रेघ आणि मग 'करंट' व 'कंडिशन्स' हे दोन शब्द मध्ये अधोरेषा देऊन लिहावेत. येथे नावे बऱ्यापैकी वाचनीय आहेत. उत्तरातील प्रत्येक गटाला एक प्रकारक्रमांक असतो: १ म्हणजे बाहेरचा संवेदकसंच, २ म्हणजे पानांची व मातीची ओल, ३ म्हणजे हवेचा दाब आणि ४ म्हणजे घरातील तापमान व आर्द्रता. दर दहा सेकंदांनी एकदा विचारण्याची मुभा कंपनीने दिली आहे. हे उपकरण एका वेळी एकाच प्रश्नकर्त्याला उत्तर देते, ही गोष्ट विसरू नये. घरातील दोन संगणक एकाच क्षणी विचारू लागले तर एकाला नकार मिळतो. तेव्हा एकाच संगणकाने विचारावे आणि इतरांनी त्या संगणकाकडून घ्यावे.

वाऱ्याचे झोत बारकाईने पाहणाऱ्यांसाठी याच उपकरणात आणखी एक सोय आहे. 'व्ही१' आणि तिरकी रेघ यांनंतर 'रिअल' आणि 'टाइम' अधोरेषेने जोडून विचारले की, वारा आणि पाऊस यांचे आकडे ते दर अडीच सेकंदांनी २२२२२ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर संपूर्ण घरभर प्रसारित करते. मुदत सांगितली नाही तर वीस मिनिटांनी हे प्रसारण थांबते, म्हणून ते सतत हवे असल्यास ठरावीक वेळाने पुन्हा विनंती करावी लागते.

पायरी पाचवी : आकडे वाचताना घ्यायची काळजी

आकडे हाती आले म्हणजे काम झाले असे मानण्याची घाई करू नये. या टप्प्यावर झालेल्या चुका महिनोन्महिने लक्षात येत नाहीत, कारण नोंदवही भरत राहते आणि आकडे खरे वाटत राहतात.

पहिला प्रश्न एककांचा. वेदरलिंक लाइव्ह तापमान फॅरनहाइटमध्ये, वारा ताशी मैलांत आणि दाब पाऱ्याच्या इंचांत देते, मग ॲपमध्ये आपण काहीही निवडलेले असो. इकोविटच्या वर सांगितलेल्या पानावर मात्र गेटवेच्या सेटिंगमधील एकके लागू होतात, आणि त्याच गेटवेने स्वतःहून पाठवलेल्या नोंदी पुन्हा फॅरनहाइट व इंचांत असतात. फॅरनहाइटमधून ३२ वजा करून उरलेल्याला ५ ने गुणून ९ ने भागले की सेल्सिअस मिळते; म्हणजे ८२.४ चे २८. इंचातील पावसाला २५.४ ने गुणावे म्हणजे मिलिमीटर होतात. पाऱ्याच्या इंचातील दाबाला ३३.८६ ने गुणावे म्हणजे हेक्टोपास्कल होतात. ताशी मैलांना १.६०९ ने गुणावे म्हणजे ताशी किलोमीटर.

दुसरा प्रश्न वेदरलिंक लाइव्हच्या पावसाचा. ते पाऊस इंचात किंवा मिलिमीटरमध्ये सांगतच नाही. पर्जन्यमापकातील छोटी पळी किती वेळा उलटली तेवढीच संख्या ते देते, आणि एका उलटीचा अर्थ काय हे 'रेन साइझ' या वेगळ्या क्रमांकात सांगते: १ असेल तर इंचाचा शंभरावा भाग, २ असेल तर ०.२ मिलिमीटर. १४३ हा आकडा पाहून दीडशे मिलिमीटर पाऊस झाल्याची दवंडी पिटण्याआधी त्याला ०.२ ने गुणावे, पाऊस २८.६ मिलिमीटर झालेला असतो.

तिसरा प्रश्न दाबाचा, आणि पठारावर राहणाऱ्यांना तो हमखास चकवतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तेथे हवेचा प्रत्यक्ष दाब साधारण ९५० हेक्टोपास्कल असतो. हवामान खात्याच्या नकाशावर त्याच वेळी १०१० च्या आसपासचा आकडा दिसतो, कारण तो समुद्रसपाटीला नेऊन सांगितलेला असतो. गेटवे दोन्ही आकडे देतो, निरपेक्ष म्हणजे प्रत्यक्ष आणि सापेक्ष म्हणजे समुद्रसपाटीला नेलेला. सापेक्ष दाब बरोबर येण्यासाठी घराची उंची किंवा त्यानुसार फरक सेटिंगमध्ये एकदा भरावा लागतो. माझा सल्ला असा की, नोंदवहीत निरपेक्ष दाब न चुकता ठेवावा. सेटिंग चुकले असले तरी त्यावरून पुढे केव्हाही दुसरा काढता येतो.

चौथा प्रश्न वेळेचा. नोंदींबरोबर येणारी वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळ असते, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. ती तशीच साठवावी आणि दाखवताना साडेपाच तास मिळवावेत. शेवटी, संवेदकाची बॅटरी संपली की काही नोंदी रिकाम्या येतात. रिकामी नोंद आणि शून्य यांत फरक आहे. रिकाम्या जागी शून्य लिहिणारा प्रोग्राम भर पावसाळ्यात कोरडा दिवस दाखवील.

पायरी सहावी : विचारणे की ऐकणे

आतापर्यंत आपण गेटवेला विचारीत होतो. दुसरी रीत अशी की गेटवेनेच ठरावीक वेळाने घरातील संगणकाला नोंद पाठवावी आणि संगणकाने केवळ ऐकत राहावे. इकोविटच्या ॲपमध्ये हवामानसेवांच्या यादीच्या शेवटी 'कस्टमाइज्ड' असा पर्याय असतो. तेथे इकोविट ही पद्धत निवडावी, सर्व्हरच्या जागी आपल्या संगणकाचा आयपी पत्ता टाकावा, नोंदी स्वीकारणाऱ्या प्रोग्रामचे पोर्ट आणि मार्ग (पत्त्यातील तिरक्या रेघेनंतरचा भाग) भरावा आणि कालावधी ६० सेकंद ठेवावा. ही रीत जुन्या जीडब्ल्यू १००० वरही चालते आणि कंपनीच्या सर्व्हरकडे जाणारा प्रवाह तिने बंद पडत नाही; दोन्हीकडे नोंदी समांतर जात राहतात. अर्थात आता संगणकाचा पत्ताही तिसऱ्या पायरीप्रमाणे पक्का करावा लागतो, आणि संगणकाच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी अडवणाऱ्या सोयीत, ते पोर्ट खुले ठेवावे लागते.

होम असिस्टंट ही घरातील स्मार्ट उपकरणे एकत्र चालवणारी मुक्त प्रणाली ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्यासाठी हे काम पाच मिनिटांचे आहे. त्यात इकोविट जोडले की ती स्वतःच पत्ता, ८१२३ हा पोर्ट आणि मार्ग पडद्यावर दाखवते. तो जसाच्या तसा ॲपमध्ये उतरवायचा. मार्गातील एक अक्षर चुकले तरी काहीही येत नाही, म्हणून नक्कल करूनच चिकटवावा.

पायरी सातवी : नोंदी साठवा

डेव्हिसच्या फुकट खात्यावर कंपनीच्या सर्व्हरकडे दर पंधरा मिनिटांनीच नोंद जाते. त्याहून बारीक हवी असल्यास वर्गणी भरावी लागते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पंधरा मिनिटांत पावसाचा सगळा नूर पालटतो. घरातील नोंदवहीला अशी अट नाही, आणि म्हणूनच ती ठेवण्याची एवढी खटपट करावी, असे मला मनापासून वाटते.

यासाठी मोठा संगणक लागत नाही. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक दिवसरात्र चालू ठेवता येतो आणि वीज नाममात्र खातो. त्यावर वीडब्ल्यूएक्स हा हवामाननोंदींसाठीच लिहिलेला मुक्त प्रोग्राम टाकावा. तो पायथॉन भाषेत आहे, वर सांगितलेल्या दोन्ही कुळांतील उपकरणांसाठी त्याची जोडणी उपलब्ध आहे, आणि तो दर पाच मिनिटांची एक नोंद एसक्यूलाइट प्रकारच्या एकाच फाइलमध्ये लिहितो. पाच मिनिटांना एक या हिशेबाने दिवसाला २८८ आणि वर्षाला १,०५,१२० नोंदी होतात. संगणकाच्या दृष्टीने हे ओझे काहीच नाही. पहिली नोंद पडण्यापूर्वी एककपद्धती मेट्रिक निवडावी. मुळात ती अमेरिकी असते, आणि एकदा नोंदवही सुरू झाली की मध्येच बदलणे त्रासाचे ठरते.

होम असिस्टंट वापरणाऱ्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. त्यातील बारीक नोंदी मुळातील सेटिंगनुसार दहा दिवसांनी पुसल्या जातात आणि पुढे ताशी सारांशच उरतो. दीर्घकाळाची नोंदवही हवी असेल तर ही मुदत वाढवावी किंवा वीडब्ल्यूएक्स सोबत चालवावे.

ज्यांना स्वतः प्रोग्राम लिहायची हौस आहे, त्यांनी पायथॉनमध्ये दहा-पंधरा ओळींत सुरुवात करावी: दर मिनिटाला चौथ्या पायरीतील पत्ता उघडायचा, आलेला मजकूर वेळेसह जसाच्या तसा एका फाइलला जोडायचा, उत्तर न आल्यास गप्प राहून पुढच्या मिनिटाची वाट पाहायची. मूळ मजकूर जपून ठेवण्याचा फायदा असा की, गणित चुकले असे सहा महिन्यांनी लक्षात आले तरी सर्व नोंदी नव्याने मोजता येतात. पावसाच्या बाबतीत 'पावसाचा वेग' या आकड्यापेक्षा वर्षाचा एकूण पाऊस हा चढता आकडा साठवणे अधिक भरवशाचे असते. संगणक मध्ये चार तास बंद राहिला आणि गेटवे चालू असला, तर आधीचा आणि नंतरचा आकडा यांची वजाबाकी करून त्या चार तासांचा पाऊस बरोबर मिळतो.

हे सारे विजेवर चालते, आणि पाऊस व वीज यांचे आपल्याकडे फारसे जमत नाही. गेटवे पाच व्होल्टवर चालतो, म्हणून चार्जिंग चालू असतानाच वीज पुरवू शकणारी पॉवर बँक त्याला पुरते. राउटरसाठी १२ व्होल्टचे छोटे यूपीएस बाजारात सहज मिळते. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर जुळतात ना ते पाहावे. रास्पबेरी पायचे मेमरी कार्ड अचानक वीज गेल्याने बिघडू शकते, तेव्हा त्यालाही आधार द्यावा आणि आठवड्यातून एकदा नोंदवहीची प्रत दुसऱ्या संगणकावर काढावी. एवढे केले की फायबरची तार तुटलेली असतानाही घरातील फोनवर आपल्या गच्चीवरचा पाऊस दिसत राहतो. राउटरला इंटरनेट नसले तरी घरातील वायफाय चालू राहते, हे अनेकांना ठाऊक नसते.

उत्तर येत नसेल तर

फोन मोबाइल डेटावर गेलेला नाही ना, हे प्रथम पाहावे. फोनवर व्हीपीएन, म्हणजे फोनची वाहतूक दुसऱ्याच नेटवर्कमार्गे नेणारी खासगी जोडणी, चालू असेल तर ते बंद करावे. आयफोनमध्ये ॲपला स्थानिक नेटवर्कची परवानगी वेगळी द्यावी लागते. घरात दोन राउटर एकामागून एक जोडलेले असतील, तर गेटवे एकावर आणि संगणक दुसऱ्यावर असण्याचा संभव असतो. दोघांच्या पत्त्यांतील टिंबांनी वेगळ्या केलेल्या चार आकड्यांपैकी पहिले तीन सारखे नसले की हेच कारण समजावे आणि दुसऱ्या राउटरला केवळ ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे स्वतः पत्ते न वाटता नुसते वायफाय पुरवण्यासाठी, चालवावे. इंटरनेटची कंपनी बदलून नवा राउटर आला, तर जुना राखून ठेवलेला पत्ता त्याला माहीत नसतो आणि तिसरी पायरी पुन्हा करावी लागते.

घराबाहेरून पाहायचे असेल तर

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून गेटवे थेट इंटरनेटवर उघडा करण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. वेदरलिंक लाइव्हच्या या स्थानिक पत्त्याला पासवर्ड नाही, आणि इकोविटच्या पानावरून तर सेटिंगही बदलता येते. त्याला पासवर्ड देण्याची सोय आहे, ती घरातल्या घरातही वापरावी. शिवाय भारतातील अनेक घरगुती जोडण्यांना स्वतःचा असा सार्वजनिक पत्ता मिळतच नाही, त्यामुळे ती खटपट बहुधा वायाही जाते. वायरगार्ड किंवा टेलस्केल यांसारखे खासगी व्हीपीएन त्या रास्पबेरी पायवर टाकावे. सार्वजनिक पत्ता नसलेल्या जोडणीवर टेलस्केल अधिक सोपे पडते. गावच्या घरी केंद्र आणि आपण मुंबईत, अशी स्थिती असलेल्यांना हाच मार्ग उपयोगी आहे.

साडेआठचा पाऊस

घरच्या नोंदीची हवामान खात्याच्या आकड्याशी तुलना करताना नवे निरीक्षक नेहमी एका ठिकाणी अडखळतात. आपले उपकरण आजचा पाऊस मध्यरात्री बारा वाजता शून्यावर आणते. हवामान खात्याचा चोवीस तासांचा पाऊस मात्र सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजला जातो. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर हा सर्वांना ठाऊक असलेला आकडाही २७ तारखेच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा आहे. त्याच काळात कुलाब्याला ७३-७४ मिलिमीटर पाऊस झाला होता. दोन्ही ठिकाणे एकाच शहरात आहेत, म्हणूनच जवळच्या सरकारी केंद्राचा आकडा आपल्या गच्चीचा मानता येत नाही.

साडेआठचा हिशेब ॲपमधून सहज निघत नाही, घरच्या नोंदवहीतून मात्र एका वजाबाकीत निघतो. भारतीय वेळेचे सकाळचे साडेआठ म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे बरोबर तीन. पाचव्या पायरीत सांगितल्याप्रमाणे वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवली असेल, तर आज तीन वाजताच्या नोंदीतील वर्षाच्या पावसातून काल तीन वाजताच्या नोंदीतील वर्षाचा पाऊस वजा करावा. उत्तर ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक आले तर हवामान खात्याच्या व्याख्येनुसार तो जोरदार पाऊस, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत जोरदार. १ जानेवारीला इकोविटचा वर्षाचा आकडा शून्यावर येतो, तेवढा एक दिवस ही वजाबाकी हाताने तपासावी.